सव्वा युनिट विजेसाठी एवढा खटाटोप कशाला?

तुमच्या घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याला जोडलेली ती जडशीळ बॅटरी आठवा. १२ व्होल्ट, १५० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात साधारण १.८ युनिट वीज मावते. दोन पंखे, तीन-चार दिवे आणि वायफाय एवढ्यावर एक संध्याकाळ निभावून जाते.

आता दुसरं एक यंत्र पाहा. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेतल्या अभियंत्यांनी वीज साठवणाऱ्या एका चुंबकाचा आराखडा तयार केला. त्याची क्षमता ४.५ मेगाज्यूल. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. भागाकार केलात तर उत्तर येतं सव्वा युनिट. म्हणजे तुमच्या इन्व्हर्टरच्या एका बॅटरीपेक्षाही कमी! आणि एवढ्याशा साठ्यासाठी ते चुंबक उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवायचं, त्याभोवती निर्वात भांडं बांधायचं, चोवीस तास शीतयंत्र चालवायचं.

कोणालाही वाटेल, हे लोक सरकारी पैशाने करतात तरी काय?

पण थोडं थांबा. तुमची बॅटरी ती वीज काही तासांत देते. या चुंबकाकडून अपेक्षा आहे ती १ मेगावॅटने देण्याची, म्हणजे प्रत्येकी एक किलोवॅट वापरणाऱ्या हजार घरांचा भार एकदम उचलण्याची. साडेचार सेकंदांत साठा संपला तरी हरकत नाही. इथे टाकी लहान आहे, पण तोटी धरणाच्या दरवाजाएवढी आहे. सारी गंमत त्या तोटीत आहे.

डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात

फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना स्वयंपाकघरातला दिवा क्षणभर मंदावतो, हे तुम्ही पाहिलं असेल. आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. कारखान्यात तसं करून चालत नाही. सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ दाब घसरला तरी मोटारींचे स्विच सुटतात, संगणकावर चालणारी यंत्रं बंद पडतात आणि अर्धवट झालेला माल फेकून द्यावा लागतो. घरी वीज गेली असं आपण म्हणूही नये, इतक्या थोड्या वेळात तिथे पूर्ण पाळीचं नुकसान होतं. तुमच्या घरातलं कोणी सूतगिरणीत, औषधाच्या किंवा प्लॅस्टिकच्या कारखान्यात कामाला असेल तर त्यांना विचारून पाहा.

जपानमध्ये कामेयामा इथल्या एलसीडी टीव्हीच्या कारखान्यात २००३ मध्ये असं चुंबक बसवलं गेलं ते याच कारणासाठी. ५ हजार किलोवॅटच्या आसपासचा भार सुमारे एक सेकंद सांभाळायचा, एवढंच त्याचं काम. हिशोब केला तर दीड युनिटही होत नाही. पण वीज कोसळून बाहेरच्या वाहिनीला झटका बसतो तो बहुतेक वेळा एका सेकंदाच्या आतच मिटतो, आणि तेवढा वेळ काढला की भागतं.

तारेत फिरत राहणारी वीज

बॅटरीत वीज रसायनांच्या रूपात साठते. धरणात ती उंचावरच्या पाण्याच्या रूपात असते. या चुंबकात ती चुंबकीय क्षेत्राच्या रूपात साठते, तेही अगदी सरळ मार्गाने. तारेचं वेटोळं करा, त्यातून प्रवाह सोडा, भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हीच साठवलेली ऊर्जा. प्रवाह दुप्पट केला तर साठा चौपट होतो.

अडचण एकच आणि ती जुनीच. तांब्याच्या तारेला रोध असतो. बाहेरचा पुरवठा काढला की वेटोळ्यातला प्रवाह क्षणात विझतो आणि सगळी ऊर्जा तार तापवण्यात जाते.

यावरचा उपाय नेदरलँड्समधल्या लायडन शहरात अनपेक्षितपणे हाती लागला. हाइक कामरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये पहिल्यांदा हेलियम वायूचा द्रव केला आणि त्या थंडीत धातूंचं काय होतं ते तपासायला घेतलं. ८ एप्रिल १९११ रोजी पाऱ्याचा विद्युत रोध ४.२ केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६९ अंशांजवळ, एकदम नाहीसा झालेला दिसला. कमी झाला असं नव्हे, उरलाच नाही. यालाच अतिसंवाहकता म्हणतात. इंग्रजीतला सुपरकंडक्टर तो हाच.

तुम्ही म्हणाल, ही प्रयोगशाळेतली गोष्ट. नाही हो. तुमच्यापैकी कितीतरी जण अशा चुंबकाच्या पोटात जाऊन आले आहेत. एमआरआय काढताना ज्या बोगद्यात तुम्हाला सरकवतात, त्याच्या भिंतीत अतिसंवाहक तारेची वेटोळी असतात. यंत्र बसवताना त्यांत एकदा प्रवाह भरतात, तारेची दोन टोकं अतिसंवाहक जोडाने जुळवतात आणि पुरवठा काढून घेतात. तो प्रवाह त्यानंतर वर्षानुवर्षं फिरत राहतो. म्हणूनच रात्री दवाखान्यातला तो विभाग बंद असला तरी आत चाव्या, कात्री किंवा ऑक्सिजनचं नळकांडं न्यायची सक्त मनाई असते. चुंबक झोपत नाही. तपासणी चालू नसतानाही ऐकू येणारी ती एकसुरी चिवचिव त्याच्या शीतयंत्राची असते.

एमआरआयचं चुंबक ऊर्जा नुसती धरून ठेवतं. वीज साठवणाऱ्या चुंबकाला ती सतत द्यावी आणि घ्यावी लागते, आणि सगळी कटकट तिथून सुरू होते. वेटोळ्यात एकाच दिशेने वाहणारा प्रवाह आणि आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी, म्हणून मध्ये इलेक्ट्रॉनिक परिवर्तक लागतो. शिवाय प्रवाह भरभर बदलला की अतिसंवाहक तारही थोडी तापते. त्यासाठी ती तार केसाहून बारीक तंतूंची करतात, तंतूंना पीळ देतात आणि ते तांब्यात गुंफतात. धातू बहुधा नायोबियम आणि टायटॅनियमचं मिश्रण.

कुकरच्या शंभरपट

आता आराखडा करणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. चुंबकीय क्षेत्र ५ टेस्ला असेल तर एका घनमीटर जागेत सुमारे १० मेगाज्यूल मावतात, म्हणजे पावणेतीन युनिट. पण हेच क्षेत्र वेटोळ्याला आतून बाहेर ढकलतं, आणि तो दाब हवेच्या दाबाच्या जवळपास शंभरपट भरतो. आपल्या कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणाइतका जादा दाब झाला की वाजते. तेव्हा शंभर कुकरांचा जोर सांभाळेल असं भांडं हवं, आणि तेही गोठलेल्या अवस्थेत, जराही न हलणारं.

साठा वाढवायचा तर पोलादही त्याच प्रमाणात वाढवावं लागतं, यातून कोणत्याच हुशारीने सुटका नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉजर बूम आणि हॅरोल्ड पीटरसन यांनी शहरांना रात्रभर पुरेल एवढी वीज साठवणाऱ्या महाकाय चुंबकांचा विचार मांडला, तेव्हा ते वेटोळं जमिनीखाली खडकात बसवायची कल्पना होती. दाब खडकाने सोसायचा! कागदावर सुंदर होतं. तसं चुंबक आजवर कुणी बांधलेलं नाही.

आकाराचाही प्रश्न असतो. सरळ नळीसारखं वेटोळं बनवायला सोपं आणि तार कमी लागते, पण त्याचं क्षेत्र बाहेर दूरवर पसरतं. पेसमेकर लावलेला माणूस जवळून जाऊ शकत नाही, आसपासची यंत्रं बिघडतात. दुसरा आकार मेदूवड्यासारखा. अनेक वेटोळी गोलात उभी केली की क्षेत्र वड्याच्या आतच फिरतं, बाहेर फारसं सांडत नाही. त्यासाठी तार जवळपास दुप्पट लागते आणि प्रत्येक वेटोळं मधल्या भोकाकडे ओढलं जातं, म्हणून मध्ये भक्कम आधार लागतो. कोलकात्याने आधी ०.६ मेगाज्यूलचं नळीच्या आकाराचं चुंबक तयार करून तपासलं आणि ४.५ मेगाज्यूलसाठी वडा निवडला. त्या पहिल्या चुंबकातल्या ऊर्जेने घरचं दोन लिटरच्या आत-बाहेर पाणी उकळलं असतं. हसू नका, शाळेतली पहिली पाटी अशीच असते.

मुद्दाम बिघडवायचं

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे ‘क्वेंच’. अतिसंवाहक तारेचा एखादा बारीकसा भाग थोडा तापला की तिथे रोध परत येतो. रोध आला की उष्णता, उष्णता आली की शेजारचा भागही बिघडतो, आणि बघता बघता साठलेली सगळी ऊर्जा त्या तारेतच उतरू लागते.

थोडा तापला म्हणजे किती? इथे निसर्गाने एक खोडी केली आहे. उणे २६९ अंशांना तांब्याची उष्णता सामावण्याची क्षमता नेहमीच्या तुलनेत काही हजार पटींनी घटलेली असते. आपल्या घरात जी उष्णता जाणवणारही नाही, तीच तिथे तारेला पुरेशी तापवते. चुंबकाच्या दाबाने तारेचा एक वेढा केसाच्या जाडीच्या अंशाइतका सरकला, तर त्या घर्षणाची ऊब क्वेंचला पुरते. चिकटवायच्या राळेत बारीकशी भेग गेली तरी पुरते.

म्हणून चाचणी म्हणजे ‘चालू केलं, चाललं, पास’ असं नसतं. चुंबक हळूहळू थंड करतात, कधी कधी त्यात कित्येक दिवस जातात. मग प्रवाह थोडा थोडा वाढवत नेतात. एका टप्प्यावर क्वेंच होतो. ऊर्जा बाहेर काढून घेतात, चुंबक पुन्हा थंड करतात, पुन्हा प्रवाह चढवतात. या वेळी ते पहिल्यापेक्षा थोडं पुढे जातं, कारण जे वेढे सरकायचे ते सरकून आपल्या जागी बसलेले असतात. अभियंते याला चुंबकाचं ‘ट्रेनिंग’ म्हणतात. नवी चप्पल दोनदा चावते आणि मग पायाला बसते, तसंच म्हणा.

काही चाचण्यांत तर आत बसवलेल्या छोट्या हीटरने क्वेंच मुद्दाम घडवून आणतात. पाहायचं असतं ते हे, की पहारेकरी जागे आहेत का? वेटोळ्यावर जागोजागी तारा जोडून व्होल्टेज मोजत असतात. अतिसंवाहक तारेवर स्थिर प्रवाह असताना ते शून्य असायला हवं. व्होल्टचा छोटासा अंश जरी दिसला आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका टिकला, तरी स्वयंचलित स्विच उघडतो आणि प्रवाह बाहेरच्या मोठ्या रोधकात वळवला जातो. ऊर्जा तिथे उष्णता होऊन निघून जाते, वेटोळं वाचतं. हा पहारा जमला नाही तर बाकी सगळी कारागिरी फुकट.

दरम्यान द्रव हेलियम उकळतो. त्याचा नेहमीच्या तापमानाचा वायू झाला की तो सातशेहून अधिक पट जागा मागतो, म्हणून सुटकेची वाट आधीच करून ठेवलेली असते. एमआरआय असलेल्या दवाखान्याच्या गच्चीवर किंवा भिंतीबाहेर एक जाड नळी वाकून बाहेर आलेली दिसते, ती याचसाठी.

पहारा अपुरा पडला तर काय होतं, ते जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९ सप्टेंबर २००८ रोजी दिसलं. तिथली चुंबकं वीज साठवण्यासाठी नसून अणुकण वळवण्यासाठी आहेत, पण वेटोळ्यातली ऊर्जा तीच. जमिनीखालच्या २७ किलोमीटरच्या कड्यात पहिला किरण फिरून नऊच दिवस झाले होते. प्रवाह ८,७०० अ‍ॅम्पिअरपर्यंत चढवला असताना दोन चुंबकांमधला एक जोड निकामी झाला. चुंबक नव्हे, डाग देऊन केलेला जोड! तिथे ठिणगी पेटली, हेलियमच्या भांड्याला भोक पडलं, काही टन हेलियम बोगद्यात सुटला आणि त्या दाबाने कित्येक टनांची चुंबकं आपल्या पायांवरून सरकली. ५३ चुंबकं वर आणावी लागली आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला चौदा महिने गेले.

सर्नच्या त्या चुंबकांच्या चाचण्यांत भारतीयांचाही हात होता, हे फार जणांना ठाऊक नसतं. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र अशा अणुऊर्जा विभागाच्या संस्थांमधले अभियंते तिथल्या चाचणी केंद्रात पाळ्या करत होते. कणांचा मार्ग नीट ठेवणारी छोटी अतिसंवाहक चुंबकंही मोठ्या संख्येने भारतातून गेली.

एका घराचा दिवस, एका किनाऱ्याचं जाळं

मग हे सगळं करून कुठे उपयोग झाला का? झाला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेतल्या धरणांची वीज सुमारे १,५०० किलोमीटर दक्षिणेला कॅलिफोर्नियाकडे जाते. एवढ्या लांबीच्या वाहिन्यांत कधी कधी वीज झोपाळ्यासारखी हेलकावू लागायची. सेकंदाला ०.३५ वेळा, म्हणजे साधारण तीन सेकंदांत एक झोका. झोका वाढत गेला तर जाळं तुटायचं. १९८३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा उपकेंद्रात ३० मेगाज्यूलचं अतिसंवाहक चुंबक बसवलं गेलं. जाळ्यात वीज जास्त झाली की ते घ्यायचं, कमी झाली की द्यायचं, कमाल १० मेगावॅटपर्यंत. झोपाळ्यावरच्या मुलाला थांबवताना आपण प्रत्येक झोक्याला उलट हात लावतो, अगदी तसं.

३० मेगाज्यूल म्हणजे सव्वाआठ युनिट. एसी लावणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय घराची उन्हाळ्यातली एका दिवसाची वीज. आपल्याकडच्या दराने पाऊणशे रुपयांच्या आतबाहेर! एवढ्या साठ्याने आख्ख्या किनाऱ्याच्या जाळ्याला आवर घालता येतो, हे तिथे सिद्ध झालं. हजाराहून अधिक तास काम केल्यावर ते यंत्र थांबवण्यात आलं.

आपल्याला विजेचं जाळं कोसळणं म्हणजे काय हे सांगायला नको. ३० आणि ३१ जुलै २०१२ आठवा. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातली मिळून ६० कोटींहून अधिक माणसं ज्या प्रदेशांत राहतात तिथली वीज गेली होती. एखादं चुंबक असतं तर ते टळलं असतं, असं म्हणणं भोळेपणाचं होईल. तिथे वाहिन्यांवर भारच अवाजवी होता. पण सूर्य आणि वाऱ्यापासून मिळणारी वीज जाळ्यात वाढते आहे, ढग आला की ती घसरते, आणि जड फिरत्या जनित्रांचा जुना आधार तेवढा उरत नाही. सेकंदाच्या आत धावून येणाऱ्या मदतनिसाची गरज वाढतेच आहे.

खरं सांगायचं तर या कामात आज लिथियम बॅटऱ्यांनी चुंबकाला बरंच मागे टाकलं आहे, कारण त्या स्वस्त झाल्या आणि त्यांना थंडीची मिजास लागत नाही. चुंबकाच्या बाजूने एकच मोठी गोष्ट. त्यात रसायन नाही, त्यामुळे लाखो वेळा भरलं-रिकामं केलं तरी बॅटरीसारखी त्याची ताकद ओसरत नाही. उलट बाजूला शीतयंत्राचं बिल. उणे २६९ अंशांवर शिरणारी एक वॅट उष्णता बाहेर काढायला इकडे काही शे वॅट वीज जाळावी लागते. म्हणून कुणी तुम्हाला ‘घरगुती सुपरकंडक्टिंग बॅटरी’ विकायला आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

बक्रेश्वरचे बुडबुडे

भारतात या वाटेवर आणखी एक धडा गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने घेतला. तिथल्या एसएसटी-१ या यंत्रातही मेदूवड्याच्या आकारात मांडलेली १६ अतिसंवाहक वेटोळी आहेत. पहिल्या जुळणीत अडचणी आल्या, तेव्हा यंत्र उलगडलं गेलं. प्रत्येक वेटोळं वेगळं थंड करून १० हजार अ‍ॅम्पिअरवर तपासलं, जोड नव्याने केले आणि मग पुन्हा जुळणी झाली. जून २०१३ मध्ये यंत्र चाललं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सर्नला जे एका दुपारी कळलं, तेच यांनी वेटोळी एकेक करून तपासत शिकून घेतलं.

आणि हेलियम? तो आपण जवळजवळ सगळाच परदेशातून आणतो. तिथे भाव चढला की एमआरआयवाल्यांपासून संशोधकांपर्यंत सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात बक्रेश्वर नावाचं तीर्थस्थान आहे, गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध. त्या कुंडांतून वर येणाऱ्या बुडबुड्यांत एक-दीड टक्का हेलियम असतो. भाविक ज्या पाण्यात स्नान करतात, त्याच पाण्यातला वायू गोळा करून हेलियम वेगळा करायचं काम कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी तिथे अनेक वर्षं केलं. देशाची गरज भागेल एवढा तो नाही, पण बंगालमध्ये गेलात तर कुंडाच्या काठावर थोडा वेळ बसा.

हेलियमशिवाय भागेल अशी एक वाट १९८६ मध्ये उघडली. त्या वर्षी बेडनोर्झ आणि म्युलर यांनी नव्या प्रकारचे अतिसंवाहक शोधले. पुढच्याच वर्षी अशा एका पदार्थात उणे १८० अंशांच्या आसपास रोध नाहीसा होताना दिसला. तेवढ्या थंडीसाठी द्रव नायट्रोजन पुरतो आणि तो हवेतूनच मिळतो. आज या पदार्थांच्या लांबच लांब फिती बनतात, आणि वीज साठवणाऱ्या चुंबकांचे बरेच नवे प्रयोग त्यांच्यावरच चालतात. मात्र क्वेंच तिथेही पाठ सोडत नाही. जुन्या तारेत बिघाड सेकंदाला काही मीटर पसरतो आणि लगेच लक्षात येतो. या फितींत तो मुंगीच्या पावलाने सरकतो. एकाच ठिकाणी ऊब साचत राहते आणि व्होल्टेज मोजणाऱ्याला पत्ता लागेपर्यंत फीत जळलेली असू शकते. म्हणून आता फितीच्या कडेने काचेचे तंतू घालून प्रकाशाने तापमान वाचायचे प्रयत्न चालू आहेत, आणि चाचणीच्या खोलीत पुन्हा तेच चालतं. प्रवाह थोडा वाढवायचा, थांबायचं, पडद्यावरची रेघ बघायची, मग आणखी थोडा.